तेल जाड हवं की पातळ?

मुलांनो,

आज सुरुवातीलाच एक कबुली देते. मी वर्गात रोज सांगत असते, "आजचं काम उद्यावर ढकलू नका." पण दोन वर्षांपूर्वी एक काम मी स्वतःच उद्यावर, परवावर, पुढच्या महिन्यावर ढकलत राहिले. त्याचा त्रास मला झालाच. पण माझ्याहून जास्त तो माझ्या एका विद्यार्थिनीला झाला. आधी ती गोष्ट ऐका. मग तिच्यातलं विज्ञान पाहू.

फेब्रुवारी महिना होता. शिष्यवृत्तीची परीक्षा. केंद्र आमच्या गावापासून अठरा किलोमीटरवर, तालुक्याला. बाकीची मुलं ठरवलेल्या जीपने निघाली. या मुलीचे वडील ऊसतोडीला बाहेरगावी गेलेले, आई तापाने आजारी. तिची तयारी होईपर्यंत जीप भरून गेली. मी म्हटलं, "चल माझ्या स्कूटरवर. आपण जीपच्या आधी पोचू!"

दोघींनी हेल्मेट घातली आणि निघालो. खरं सांगायचं तर गेले काही आठवडे इंजिनातून टकटक असा आवाज येत होता. मी मनाशी म्हणत होते, 'परीक्षा आटोपल्या की गॅरेजला टाकू.' वाटेत एक मोठा चढ आहे. अर्ध्या चढावर आवाज एकदम वाढला, स्कूटरने घर्रर्र केलं आणि बंद! किक मारायला गेले, तर किक जागची हलेना. जणू दगडावर पाय मारतेय.

आम्ही वीस मिनिटं रस्त्यावर उभ्या. मुलीच्या डोळ्यांत पाणी. शेवटी दुधाच्या टेम्पोवाल्या दादांना दया आली. केंद्राचं फाटक बंद व्हायला जेमतेम पाच मिनिटं असताना आम्ही पोचलो. परीक्षा झाली. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "बाई, सुरुवातीची दहा मिनिटं माझा हातच थरथरत होता. काही सुचलंच नाही." पुढे निकाल लागला. तिची शिष्यवृत्ती चार गुणांनी हुकली. ते चार गुण माझ्या स्कूटरमुळेच गेले, असं कोणी म्हणणार नाही. तीही कधी म्हणाली नाही. पण मला मात्र तसं वाटत राहिलं.

मिस्त्रीकाकांचा प्रश्न

स्कूटर गॅरेजला नेली. मिस्त्रीकाकांनी पहिलाच प्रश्न विचारला, "बाई, ऑईल कधी बदललं होतं?"

"गणपतीत," मी म्हटलं.

"या गणपतीत का त्याच्या आधीच्या?"

मी बोटं मोजली. दीड वर्ष झालं होतं! काकांनी खालचा नट काढला. ज्या इंजिनात जवळजवळ पाऊण लिटर तेल असायला हवं, त्यातून दोन कप चहाएवढं काळंकुट्ट, चिकट तेल निघालं. नंतर त्यांनी इंजिन उघडून पिस्टन माझ्या हातात दिला. त्याच्या अंगावर मांजराने बोचकारल्यासारखे उभे ओरखडे होते. "आता ह्या सिलिंडरच्या आत बोट घाला आणि नख वर सरकवा," काका म्हणाले. वरच्या टोकाशी नख अडकलं. तिथे बारीकशी पायरी झाली होती. धातू झिजून झिजून झालेली पायरी!

दुरुस्तीचे साडेपाच हजार झाले. तेलाची बाटली चारशेच्या आसपास येते. गणित तुम्हीच करा.

तो जुना पिस्टन मी मागून घेतला आणि वर्गात टेबलावर ठेवला. सगळी मुलं गोळा झाली. आणि त्याच मुलीने प्रश्न विचारला, "बाई, धातू एवढा कठीण, तेल एवढं मऊ. मग मऊ तेल कठीण धातूला वाचवतं तरी कसं?"

किती छान प्रश्न आहे, नाही? आजचा आपला सगळा लेख म्हणजे या एका प्रश्नाचं उत्तर आहे.

गुळगुळीत दिसतं, तसं नसतं

तुमचे दोन्ही तळहात एकमेकांवर जोरजोरात घासा. गरम झाले ना? हे घर्षण. आता तळहातांना दोन थेंब खोबरेल लावा आणि पुन्हा घासा. हात सटकतात, आणि तेवढे गरमही होत नाहीत.

पिस्टन नि सिलिंडर डोळ्यांना आरशासारखे गुळगुळीत दिसतात. पण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर तिथे सह्याद्रीसारखे डोंगर आणि दऱ्या असतात. दोन धातू एकमेकांवर घासले की या डोंगरांची टोकं एकमेकांत अडकतात, तुटतात, उष्णतेने क्षणभर चिकटतात आणि पुन्हा उखडली जातात. यालाच म्हणतात झीज.

आणि हे घासणं किती, ते पाहा. स्कूटर वेगात असली की इंजिनाचा दांडा मिनिटाला साधारण ६००० फेरे मारतो. म्हणजे सेकंदाला १००! प्रत्येक फेऱ्यात पिस्टन एकदा वर जातो, एकदा खाली येतो. एका वेळचं अंतर ५ सेंटिमीटर धरलं, तर फेऱ्याला १० सेंटिमीटर झाले. शंभर फेऱ्यांचे किती? १० मीटर. म्हणजे इवल्याशा नळकांड्यात पिस्टन दर सेकंदाला आपल्या वर्गाच्या लांबीहून जास्त धावतो. मध्ये तेल नसेल, तर काय होईल? माझ्या स्कूटरचं झालं, तेच.

तेलाचं काम सोपं आहे. दोन धातूंच्या मध्ये शिरायचं आणि त्यांना एकमेकांना शिवू द्यायचं नाही. ओल्या फरशीवर आपला पाय का घसरतो? पाय आणि फरशी यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर असतो, म्हणून. आपल्या दृष्टीने ते वाईट, पण इंजिनाला नेमकं तेच हवं असतं. कॅरम खेळताना बोर्डावर पावडर टाकता, ती तरी कशासाठी? स्ट्रायकर आणि लाकूड यांच्यामध्ये कोणीतरी 'मध्यस्थ' हवा, म्हणून. बैलगाडीची चाकं कुरकुरायला लागली की आसाला वंगण घालायचे, तेही यासाठीच. इंजिन ऑईल म्हणजे इंजिनाचं वंगण.

ताटावरची शर्यत

आता एक प्रयोग करू. घरातलं मोठं स्टीलचं ताट घ्या. खाली एका बाजूला पाट ठेवून ते तिरकं करा. ताटाच्या वरच्या भागात एक चमचा पाणी, एक चमचा गोडेतेल आणि एक चमचा काकवी (नसेल तर मध) शेजारीशेजारी, एकाच वेळी सोडा. तीन चमचे लागतील, म्हणून दोन मित्रांना बोलवा.

कोण जिंकलं? पाणी सुर्रकन खाली. तेल त्याच्यामागून. काकवी मात्र डुलत डुलत, पाहुण्यासारखी. द्रवाच्या वाहण्याला त्याचा तो आतून होणारा विरोध, त्याला विज्ञानात 'श्यानता' किंवा 'विष्यंदिता' म्हणतात. शब्द जड आहेत, म्हणून आपण आज 'दाटपणा' म्हणू.

इथे एक गफलत करू नका. दाट म्हणजे जड नव्हे! तेल पाण्यावर तरंगतं, म्हणजे ते पाण्याहून हलकं आहे. तरीही ते पाण्यापेक्षा दाट आहे. वजन वेगळं आणि वाहण्यातला आळस वेगळा.

हा आळस किती असू शकतो? ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठात १९२७ साली थॉमस पार्नेल या प्राध्यापकांनी डांबरासारखा एक पदार्थ गरम करून काचेच्या नरसाळ्यात ओतला. तीन वर्षं तो स्थिर होऊ दिला आणि १९३० मध्ये नरसाळ्याचं खालचं तोंड उघडलं. हा पदार्थ हातोडीने फोडला तर काचेसारखा फुटतो, पण आहे द्रवच! तो थेंबाथेंबाने गळतो. नववा थेंब सुटला, तेव्हा साल होतं २०१४. चौऱ्याऐंशी वर्षांत नऊ थेंब!

दाटपणा मोजायच्या एका एककाचं नाव आहे 'पॉइज'. ते पॉइझय नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावावरून पडलं. ते मूळचे डॉक्टर. बारीक नळ्यांतून रक्त कसं वाहतं, याचा शोध घेता घेता त्यांनी द्रवांच्या वाहण्याचा नियमच शोधून काढला.

आता प्रयोगाचा दुसरा भाग. काकवीची वाटी दहा मिनिटं गरम पाण्यात ठेवा (गरम पाणी मोठ्यांकडून घ्या) आणि पुन्हा शर्यत लावा. डुलत येणारी काकवी आता पळत येईल. म्हणजे गरम झालं की द्रव पातळ होतो. इंजिन ऑईलची खरी अडचण हीच. ४० अंश सेल्सिअसला जे तेल असतं, तेच १०० अंशांना सहा-सात पटींनी पातळ होतं. आणि चालू इंजिनातलं तेल शंभर अंशांच्या आसपास सहज पोचतं.

उडालेलं बूच

"पण बाई," एका मुलाने विचारलं, "तेल मध्ये आहे खरं. पण वरून एवढा जोर आला, तर ते बाजूने निघून नाही का जाणार?"

गंमत म्हणजे हाच प्रश्न मोठमोठ्या इंजिनिअरांनाही पडला होता. त्यासाठी आपल्याला जरा विलायतेला, १८८३ सालात जावं लागेल.

तेव्हा तिथे बोशँ टॉवर नावाचे इंजिनिअर रेल्वेच्या आसावरच्या बेअरिंगचं घर्षण मोजत होते. बेअरिंग म्हणजे फिरणाऱ्या आसावर बसणारा, डब्याचा भार पेलणारा भाग. टॉवर यांनी तेल ओतण्यासाठी बेअरिंगला वरून एक भोक पाडलं. यंत्र सुरू केलं, तर तेल आत जायच्या ऐवजी भोकातून वर यायला लागलं! त्यांनी भोकात बूच मारलं. बूच हळूहळू वर सरकलं आणि निघालं. मग लाकडाची खुंटी ठोकली. तीही बाहेर! आत इतका दाब येतो कुठून? त्यांनी तिथे दाब मोजायचं यंत्र बसवलं. काटा दर चौरस इंचाला २०० पौंडांच्याही पुढे गेला. बेअरिंगवरचा सरासरी भार होता फक्त १०० पौंडांच्या आसपास. (स्कूटरच्या टायरात आपण २५-३० पौंड हवा भरतो, हे लक्षात घ्या.)

याचा अर्थ काय? फिरणारा आस तेलावर चक्क तरंगत होता! मँचेस्टरचे प्राध्यापक ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये त्याचं गणित मांडलं. ते असं समजून घ्या. शाळा सुटली की सगळी मुलं फाटकाकडे धावतात. मैदान मोठं, फाटक अरुंद. फाटकाशी काय होतं? रेटारेटी! आस फिरताना तेलाला आपल्याबरोबर ओढत नेतो. पुढची जागा निमुळती होत जाते. तेल दाबून लहान होत नाही, म्हणून ते रेटा देतं आणि आसाला उचलून धरतं. हा थर आपल्या केसाच्या कितीतरी पट पातळ असतो, पण सगळा भार तोच पेलतो.

आता दाटपणा का महत्त्वाचा, ते कळलं ना? तेल फार पातळ असेल, तर रेटा देण्याआधीच बाजूने निसटतं. थर फाटतो आणि धातूला धातू भिडतो. "मग दाट तेलच घालावं!" असं तुम्ही म्हणाल. थांबा. फार दाट तेल थंड इंजिनात लवकर वर चढत नाही, बारीक वाटांतून वेळेवर पोचत नाही. शिवाय ते ढवळण्यात इंजिनाची ताकद नि पेट्रोल वाया जातं. चिखलातून चालून पाहा, म्हणजे कळेल!

म्हणून "जाड तेल चांगलं" हेही खरं नाही आणि "पातळ तेल चांगलं" हेही नाही. ज्या इंजिनातल्या फटी जेवढ्या, त्या मापाचं तेल चांगलं. दुसऱ्याची चप्पल कितीही भारी असली, तरी आपल्या पायाला बसायला हवी ना!

बाटलीवरचं कोडं

तेलाच्या बाटलीवर १०डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-४० असं काहीतरी लिहिलेलं असतं. त्याच्या आधी 'एसएई' ही अक्षरं असतात. हे अमेरिकेतल्या मोटार-इंजिनिअरांच्या संस्थेचं नाव. तेलांना असे क्रमांक देण्याची पद्धत त्यांनी १९११ साली सुरू केली.

यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागणुकीचा. तो जितका लहान, तितकं तेल थंडीत पटकन वाहतं. नंतरचा आकडा १०० अंशांच्या दाटपणाचा. तो जितका मोठा, तितकं तेल गरम झाल्यावर दाट राहतं. पण हे आकडे म्हणजे अंश सेल्सिअस नव्हेत, बरं का! त्या नुसत्या इयत्ता आहेत.

थंडीत खोबरेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते, हे तुम्हांला माहीत आहे. इंजिन ऑईल आपल्याकडच्या थंडीत तसं गोठत नाही, पण सकाळी ते दाट झालेलं असतं. शिवाय रात्रभरात बरंचसं तळाला उतरून बसतं. म्हणून गाडी सुरू केल्याबरोबर जोरात रेस करू नये. तेल सगळीकडे पोचायला थोडे क्षण द्यावेत आणि पहिला किलोमीटरभर सावकाश जावं. आपणसुद्धा अंथरुणातून उठून लगेच शंभर मीटर धावत नाही ना?

तेलातले मदतनीस

आता ती सिलिंडरमधली पायरी आठवा. ती वरच्या टोकालाच का झाली? झोका आठवा. वर गेलेला झोका उलटा फिरण्याआधी एक क्षण थांबतो. पिस्टनचंही तसंच. वरच्या आणि खालच्या टोकाला तो क्षणभर थांबतो. थांबला की तेलाला ओढून नेणारं कोणी उरत नाही, रेटा संपतो आणि थर अगदी विरळ होतो. वरच्या टोकाला तर पेट्रोलच्या जळण्याची आगही असते. म्हणून झीज तिथे जास्त.

अशा जागी एकटा दाटपणा पुरत नाही. म्हणून तेलात काही मदतनीस मिसळलेले असतात. त्यांना 'ॲडिटिव्ह' म्हणतात. त्यांची ओळख करून देते.

पहिला मदतनीस, सारवण करणारा. यात जस्त, फॉस्फरस आणि गंधक असतात. गॅरेजमध्ये त्याला नुसतं 'झिंक' म्हणतात. १९४०च्या दशकापासून तो वापरात आहे. जिथे धातू घासून तापतो, तिथे तो धातूवर एक पातळ लेप तयार करतो. मातीच्या घरात जमीन शेणाने सारवतात ना? पायांनी सारवण झिजतं, जमीन शाबूत राहते. आणि सारवण पुन्हा करता येतं. इथेही लेप झिजतो, पुन्हा तयार होतो आणि धातू वाचतो. पण सारवायचं साहित्यच संपलं, तर?

दुसरा मदतनीस, धोबी. पेट्रोल जळताना काजळी आणि आम्लं तयार होतात. हा धोबी पिस्टनवर चिकटणारी घाण सोडवतो आणि आम्लांना मारतो.

तिसरा, रक्षक. सुटलेल्या काजळीच्या कणांना तो एकेकटं पकडून ठेवतो. एकत्र येऊन गोळे करू देत नाही, तळाला बसू देत नाही.

चौथा, लोकरीचा गुंडा. हे फार लांब लांब रेणू असतात. थंडीत ते गुंडाळून बसतात, म्हणून तेलाच्या वाटेत येत नाहीत. गरम झाले की उलगडतात, पसरतात आणि तेलाला फार पातळ होऊ देत नाहीत. म्हणूनच एकाच तेलाला थंडीचा आणि उष्णतेचा असे दोन आकडे देता येतात! पण इंजिनाच्या रगड्यात हे धागे हळूहळू तुटतात आणि तेल आपला गुण गमावत जातं.

पाचवा, फेस मोडणारा. रवीने ताक घुसळलं की फेस येतो. तसं इंजिनात तेल घुसळलं जातं. फेस म्हणजे हवा, आणि हवेचे बुडबुडे भार पेलत नाहीत. हा मदतनीस अगदी चिमूटभर असतो, पण बुडबुडे फोडतो.

सहावा, तेलाला खराब होऊ न देणारा. भजी तळलेलं तेल पुन्हा पुन्हा वापरलं की काळं नि घट्ट होतं, हे आईला विचारा. गरम तेलावर हवेतल्या ऑक्सिजनचा परिणाम होतो, म्हणून तसं होतं. हा मदतनीस ते लांबवतो. थांबवू मात्र शकत नाही.

हे सगळे मदतनीस काम करता करता खर्च होतात. तेल बदलायचं ते यासाठी. माझ्या स्कूटरमध्ये दीड वर्षात तेल थोडं थोडं जळून कमी झालं, आणि जे उरलं त्यातले मदतनीसही दमून संपले होते.

काळं तेल वाईट का?

वर्गात मी विचारलं, "तेल काळं झालं, म्हणजे खराब झालं का?" सगळे ओरडले, "होऽऽ!" चूक! नवं तेल थोडे दिवस चाललं की काळपट होतंच. धोबी आणि रक्षक काजळी उचलून धरताहेत, याची ती खूण आहे. फडकं मळलं, म्हणजे फळा पुसला गेला! त्यामुळे नुसत्या रंगावरून तेलाची पारख होत नाही. किती किलोमीटर झाले आणि किती महिने झाले, हेच पाहायचं. गाडी कमी चालली, तरी महिने मोजायचेच. कारण छोट्या छोट्या फेऱ्यांत इंजिन नीट तापत नाही, आणि पाण्याची वाफ नि पेट्रोल तेलात साठत राहतं.

आई-बाबांसाठी चार ओळी

तेलाचा क्रमांक आणि बदलायची मुदत गाडीसोबतच्या पुस्तिकेत दिलेली असते. शेजारी काय म्हणतात, यापेक्षा ती पाहावी. गिअरच्या बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिनाच्याच तेलात बुडालेला असतो. म्हणून तिथे कारचं तेल घालू नये. त्यातल्या निसरडेपणा वाढवणाऱ्या मदतनीसांमुळे क्लच घसरू शकतो. बिनागिअरच्या स्कूटरचं तेल पुन्हा वेगळं. आणि "हे औषध घाला, इंजिन नवं होईल" असं सांगून कोणी छोटी बाटली दिली, तर आमटी आठवा. आमटीत मीठ बेताचं पडलेलं असताना वरून आणखी चमचाभर घालत नाहीत. तेलातलं मिश्रणही असंच मोजूनमापून केलेलं असतं. झिजलेला धातू कोणत्याही बाटलीने परत येत नाही.

काढलेलं जळकं ऑईल गटारात, विहिरीजवळ किंवा शेतात ओतू नये, मुलांना हात लावू देऊ नये. ते गॅरेजमध्येच जमा करावं.

वंगणमंत्री व्हा!

शाळेत स्वच्छतामंत्री, आरोग्यमंत्री असतात ना? या आठवड्यापासून तुम्ही घरचे वंगणमंत्री. काम अगदी सोपं आहे.

एका जाड कागदावर तीन गोष्टी लिहा: तेल बदलल्याची तारीख, तेव्हाचा किलोमीटरचा आकडा आणि पुढचं तेल कधी बदलायचं. तो कागद गाडीच्या कागदपत्रांत ठेवा. महिन्यातून दोनदा आई किंवा बाबांना गाडी सपाट जागी, मोठ्या स्टँडवर लावायला सांगा. इंजिन बंद करून थोडा वेळ जाऊ द्या. मग त्यांनाच तेल मोजायची पट्टी काढून पुसून पुन्हा आत घालायला सांगा. तेल दोन खुणांच्या मध्ये आहे का, हे तुम्ही पाहायचं. खालच्या खुणेच्या खाली असेल, तर घरात आरडाओरडा करायची तुम्हांला माझी परवानगी आहे! पण स्वतः इंजिनाला हात लावायचा नाही. ते गरम असतं, भाजतं.

आमच्या वर्गातल्या त्या मुलीचं काय झालं, असं विचाराल. ती आता हायस्कूलला आहे. अजूनही शनिवारी शाळेवरून जाताना फाटकाशी थांबते आणि मोठ्याने विचारते, "बाई, ऑईल?" मी लगेच डायरी काढून तारीख दाखवते. गृहपाठ तपासणाऱ्या बाईंचा गृहपाठ आता तीच तपासते. आणि मी तो एकदाही चुकवलेला नाही.

तुमच्या घरच्या गाडीच्या बाटलीवर कोणते आकडे आहेत? ते शोधा, त्यांचा अर्थ लावा आणि वहीत लिहून ठेवा. ताटावरच्या शर्यतीत काकवीला किती सेकंद लागले, तेही लिहा. भेटू पुढच्या आठवड्यात!

तुमच्या
बाई